खडखडणारं मशीन

…तर ते मशीन पडलं लंब्याच्या हातून, मालकांच्या नव्हे. काल गोष्ट इथंच अडली होती. सलूनचे मालक एका गिऱ्हाईकाच्या मानेवर पावडर मारत होते आणि लंब्या बाकावर बसून केस कापायच्या मशीनशी उगाच चाळा करत होता. ते सटकलं आणि थेट फरशीवर आदळलं. फुटलं नाही, पण त्या दिवसापासून चालू केलं की डब्यात खिळे घालून हलवावेत तसं खडखडायला लागलं.

मालक म्हणाले, "लंब्या, तुला उंची मिळाली, पण पकड द्यायची राहून गेली वाटतं."

"उलट फायदाच झाला काका," लंब्या म्हणाला. "आता खुर्चीत कुणी झोपणार नाही."

सलूनमधला तरुण कारागीर यावर इतका हसला की त्याला कात्री बाजूला ठेवावी लागली. मालकांनी त्याचं नाव रेडिओ ठेवलं होतं. कात्री चालू झाली की याचं तोंड चालू. गिऱ्हाईकाच्या सासूच्या गुडघ्यापासून समोरच्या दुकानाच्या पाटीपर्यंत कुठलाच विषय त्याला वर्ज्य नव्हता. लंब्या आणि तो शाळेत एका बाकावर बसायचे. रेडिओनं शाळा सोडून कात्री धरली. लंब्याचं नाव हजेरीपटावर राहिलं आणि लंब्या सलूनच्या बाकावर.

हेच लंब्याच्या वडिलांच्या डोळ्यांत खुपलं. त्यांचं रंगाचं दुकान होतं. गिऱ्हाईकाला भिंतीच्या छटा दाखवताना ते लोण्यासारखे मऊ बोलायचे, घरी मात्र शब्दाला शब्द. एकदा भांडणात लंब्या घर सोडून गेला आणि बसथांब्यावर झोपला. त्यानंतर वडिलांनी कुणाकडून तरी टेकडीवरच्या संस्थेची माहिती काढली. तिथं बिघडलेल्या पोरांना वळण लावून देतात म्हणे. एका सकाळी गाडी आली, दोन दणकट माणसं उतरली आणि लंब्या चप्पल न घालताच गेला. त्याची आई चपला हातात घेऊन गाडीमागे कोपऱ्यापर्यंत धावली.

मग सगळंच बंद. फोन नाही, पत्र नाही. भेट फक्त आईवडिलांना, तीही पोरगं सुधारल्याचा शेरा मिळाल्यावर. दोस्त हा तर तिथल्या लोकांच्या हिशेबानं रोगाचा जंतू. रेडिओ दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आला. पहारेकऱ्यानं त्याला नातं विचारलं. हा म्हणाला, "एका बाकावरचा." पहारेकरी म्हणाला, "मग बाक भेटायला येऊ दे."

आणि एके दिवशी त्याच संस्थेचा माणूस सलूनमध्ये येऊन उभा. त्यांचा जुना न्हावी चढणीला कंटाळून काम सोडून गेला होता. महिन्यातून एकदा पोरांची डोकी बारीक करून द्यायला कुणी येईल का, असं तो विचारत होता. मालक गुडघे चोळत नाही म्हणणार, एवढ्यात रेडिओ मागून म्हणाला, "मी जातो."

"आठवड्याची एक सुट्टी मिळते तुला," मालक पुटपुटले.

"घरी बसून तरी काय करतो? भिंतीशी बोलतो."

तिथं मात्र भिंतीशीही बोलायचं नव्हतं. पहिली अटच ती होती: काम करताना तोंडातून शब्द काढायचा नाही. दुसरी, आरसा आत न्यायचा नाही. स्वतःचं तोंड बघत बसणं हेच बिघडण्याचं मूळ, असं तिथल्या मुख्य सरांचं ठाम मत होतं. पहारेकरी दर खेपेला रेडिओची पिशवी उघडायचा आणि हातआरसा काढून आपल्या किटलीशेजारी फळीवर ठेवायचा. परत जाताना रेडिओ तो घ्यायचा, तेव्हा त्यावर वाफ धरलेली असायची.

जेवणाच्या हॉलमध्ये एक खुर्ची, भिंतीला लागून पोरांची रांग, दाराशी एक शिक्षक हाताची घडी घालून. पहिल्या खेपेला लंब्या खुर्चीत बसला. खांदे उतरलेले, कॉलर सैल. दोघांनीही ओळख दाखवली नाही. पण डोकं वळवायला न्हावी कानामागे अंगठा लावतोच, त्यात कुणाला काय दिसणार? रेडिओनं अंगठा लावला आणि जरा दाबला. लंब्यानं उत्तर म्हणून डोकं मागं त्याच्या तळव्यात रेटलं, बाकावर जागेसाठी रेटायचा अगदी तसं. रेडिओला हसू आवरेना म्हणून त्यानं मशीनवर फुंकर मारल्याचं सोंग केलं.

तेवढीच त्यांची भेट. अंगठा दाबायचा, डोकं रेटायचं, पुढचा.

संध्याकाळी रेडिओ रंगाच्या दुकानामागच्या जिन्यानं वर जायचा. लंब्याची आई दार आधीच उघडं ठेवून उभी असायची.

"कसा आहे रे?"

"डोकं जागेवर आहे मावशी. मी स्वतः हात लावून पाहिलं."

ती हसायची आणि हसता हसता पदर तोंडाला लावायची.

असे महिने गेले. सांगायला सोपं वाटतं, पण त्या पोराचा पार पिट्टा पडला होता. आठवडाभर सलूनमध्ये उभं राहायचं आणि महिन्यातली एक सुट्टी पहिली बस पकडून टेकडी चढण्यात घालवायची. पोटऱ्यांना गोळे यायचे, कॉलरमध्ये घुसलेले दुसऱ्यांचे केस दिवसभर टोचायचे. त्यात गप्प राहण्याचा शीण सगळ्यात मोठा. परतीच्या बसमध्येही त्याला बोलायचं त्राण उरत नसे. मालक चिडायचे, "निदान ते खडखडं तरी दुरुस्तीला टाकू दे. हाताला मुंग्या येतात तुझ्या." रेडिओ उद्यावर ढकलायचा.

आणि एका खेपेला लंब्यानं डोकं रेटलंच नाही. अंगठा दाबला, पुन्हा दाबला. मान नुसती पुढं लोंबली, जिकडं वळवावी तिकडं वळली. त्या संध्याकाळी रेडिओ जिना चढला आणि म्हणाला, "मान ताठ आहे मावशी."

पुढच्याही खेपेला तेच. मान म्हणजे ओल्या टॉवेलसारखी.

त्यानंतरच्या खेपेला नेहमीचा पहारेकरी रजेवर होता. बदलीच्या माणसानं कात्र्या नि वस्तरे मोजले आणि पिशवीचा मागचा कप्पा उघडलाच नाही. रेडिओच्याही लक्षात आलं नाही. आदल्या दिवशी सलूनमध्ये गर्दी उसळली होती, त्याचे डोळे उघडेच राहत नव्हते. त्यानं सवयीनं सामान मांडलं, त्यात आरसाही मांडला. एकामागून एक डोकी येत गेली. सरसकट ते खडखडणारं मशीन फिरवायचं, कपडा झटकायचा आणि उठवायचं. तिथं विचारायचं काहीच नसतं.

लंब्या बसला. अंगठा दाबला. काही नाही. रेडिओनं डोकं पुरं केलं, मानेवरचे केस झटकले, आणि त्याच्या थकलेल्या हातांनी तेच केलं जे सलूनमध्ये गिऱ्हाईक उठायच्या आधी ते दर वेळी करतात. आरसा उचलून डोक्यामागे धरला.

भिंतीवरचा मोठा आरसा तिथं नव्हताच. मागं काय चमकलं म्हणून लंब्यानं मान वळवली, तर त्याला एकदम स्वतःचं तोंड दिसलं, आणि आरशाच्या वर रेडिओचं. तो बघतच राहिला. कितीतरी वेळानं हात वर करून त्यानं कान चाचपला.

"रेडिओ," तो मोठ्यानं म्हणाला, "किती मोठे दिसतात रे कान माझे!"

"आधीपासूनच होते," रेडिओ म्हणून बसला.

मग काय, रांग फुटली. पोरं आवाज न करता पुढं सरकली. एकजण गालावरचा व्रण बघत होता, एकाला आपल्याला मिसरूड फुटलंय हे तिथंच कळलं. लंब्या सगळ्यांच्या मधोमध बसून हसत होता आणि त्याची पाठ रेडिओच्या पोटावर रेटलेली होती, बाकावर रेटायचा तशी. दाराशी उभ्या शिक्षकाला काय करावं ते सुचेपर्यंत मुख्य सर येऊन उभे राहिले.

सरांनी आवाज चढवला नाही. रेडिओला ऑफिसात बसवून पाणी दिलं आणि शांतपणे निकाल सांगितला. या चढणीवर दुसरं कुणी येत नाही, तेव्हा काम चालू ठेवायचं असेल तर ठेवा. पण तो उंच मुलगा यापुढं रांगेत नसेल. त्याचं डोकं आमची माणसं वरच्या मजल्यावर करतील. तुम्ही आत असेपर्यंत त्याची तिथली खोली बाहेरून बंद राहील. विचार करून कळवा.

रेडिओ बसमधून उतरला आणि आधी जिना चढला. "बोलला मावशी. हसला पण," एवढंच त्यानं सांगितलं. ती माउली पायरीवर बसली, आणि तोही खालच्या पायरीवर बसला. पुढचं सांगायचं त्याच्या जिवावर आलं, पण सांगितलं.

मग तो सलूनमध्ये आला. मालक शटर ओढायच्या बेतात होते. सगळं ऐकून त्यांनी खुर्ची पुढं केली.

"बस. पाय बघ कसे सुजलेत," ते म्हणाले. "बास झालं आता. तो दिसणार नाही, त्याच्या डोक्याला तुझा हात लागणार नाही. परक्या पोरांची डोकी करायला सुट्टीचा जीव कशाला जाळतोस? सांग त्यांना, येत नाही म्हणून. आणि आण ते मशीन इकडं, सकाळी मी स्वतः दुरुस्तीला टाकतो."

रेडिओनं मशीन पिशवीतून काढलं, पण दिलं नाही. मांडीवर ठेवून बसला. मग तो म्हणाला,

"जाईन काका. वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं हे. तुम्ही फक्त दुरुस्तीला टाकू नका."