बाबांनी ऐकलेला कोकीळ

बाबांना अलीकडे कमी ऐकू येतं. टीव्हीसमोर बसले की ते आमच्या चेहऱ्यांकडे बघायचे आणि आम्ही हसलो की हसायचे. विनोद काय झाला, हे विचारणं त्यांनी सोडूनच दिलं होतं.

परवा दुपारी मी एक मराठी सिनेमा लावला आणि संवाद खाली लिहून येतात ती सोय चालू केली. बाबा चष्मा सावरून पुढे सरकले. नटाने तोंड उघडायच्या आधीच ओळ पडद्यावर येत होती, त्यामुळे बाबा आमच्याही आधी हसू लागले. एकदा तर हसता हसता त्यांना ठसका लागला.

मग एका शांत प्रसंगात ते एकदम म्हणाले, "अगं, कोकीळ ओरडतोय!"

"कुठे, बाबा? मला नाही ऐकू आला."

त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. कंसात लिहिलं होतं, 'दूरवर कोकीळ ओरडतो'. मी सिनेमा मागे नेला, आवाज वाढवला. नायिकेच्या हुंदक्यामागे खरंच एक पुसटशी कुहू होती.

माणसं बोलू लागली की आपण फक्त माणसंच ऐकतो. मागे झाडं सळसळतात, कुठे भांडी वाजतात, पाखरं ओरडतात. चांगल्या कानांनाही कुणीतरी सांगावं लागतं, जरा इकडे ऐक.

"ऐकलास ना?" बाबांनी विचारलं.

"हो, पण फारच बारीक आहे हो."

"बारीक?" बाबा खुशीत म्हणाले, "मला तर चांगला खणखणीत ऐकू आला!"