कोल्हापूर ते कामठी: एका ब्लॉकचा शेवटचा टाका

मामांनी गाडी माझ्या नावावर केली तेव्हा एकच वाक्य बोलले. "लेका, ब्लॉक तेवढा फोडू नगंस." गाडी म्हणजे शर्यतीची जुनी विलायती मोटार, सहा सिलिंडर, तीन कार्बुरेटर. मामा तरुणपणी ती धावपट्टीवर पळवायचे. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं ओतीव लोखंडाचं धड. बाकी सगळं बदलता येतं, ते मिळत नाही. या गाडीचे मुळात दोन ब्लॉक होते. दुसऱ्याचं काय झालं हे मामांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की ते चहा मागवायचे.

मला फेब्रुवारीत जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरायचंय, तेही मूळच्यापेक्षा बरीच जास्त ताकद काढून. म्हणून दिवाळीनंतर इंजिन खोललं. कोल्हापुरात मशीनशॉप पावलोपावली आहेत आणि सगळीकडे एकच सल्ला मिळाला, बोअर वाढवा, म्हणजे सिलिंडर आतून कोरून मोठे करा. भिंत किती उरेल असं विचारलं की उत्तर यायचं, "बघू की." ओतकामाच्या गावातून ब्लॉक उचलून राज्याच्या दुसऱ्या टोकाला निघालो तो या 'बघू की'मुळे. कामठीचे हेडाऊकाका फुटलेलं ओतीव लोखंड वेल्डिंग न करता शिवतात आणि पुढे कुठे फुटेल तेही सांगतात, असं एका ट्रॅक्टरवाल्यानं सांगितलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी ब्लॉक पैलवानासारखा तेलात चोपडला. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. त्याच्या बोल्टांच्या भोकांना गंज लागू नये म्हणून प्रत्येकात तेल सोडलं. वरून धूळ जाऊ नये म्हणून लोखंडी पाटा ठेवला आणि लांब पान्यानं बोल्ट आवळले. पिकअपमध्ये जुना टायर, त्यावर ब्लॉक, चारी बाजूंनी पट्टे. साखळी वापरू नका, ती लोखंडाला चावते. फोटो काढून मामांना पाठवला. आपण फारच काळजीवाहू आहोत असं मला त्या दिवशी वाटत होतं, हे नोंदवून ठेवतो.

रत्नागिरी-नागपूर महामार्ग आता एकदम गुळगुळीत आहे. पहाटे निघालो, सोलापूरच्या अलीकडे नाश्ता, तुळजापूरला डिझेल, लातूरच्या पुढे शेंगाचटणी-भाकरी. रिकाम्या गाडीला हा रस्ता दीड दिवसाचा आहे. मी सत्तरच्या वर गेलो नाही, त्यामुळे पूर्ण दोन दिवस धरा. नांदेडला लॉजवाल्यानं ताडपत्री उचलून पाहिलं.

"तोफ हाय का काय?"

"इंजिन आहे."

"मग गाडी कुठंय?"

"घरी."

त्यानं माझं आधारकार्ड पुन्हा एकदा नीट पाहिलं.

दुसऱ्या दिवशी यवतमाळपर्यंत दोन्ही बाजूंना तूर आणि वेचून संपत आलेला कापूस. डिसेंबरची थंडी चांगलीच बोचते, पिकअपनं जाणार असाल तर कानटोपी घ्या. वर्ध्याला चहा घेतला, बुटीबोरीनंतर ट्रकांची गर्दी सुरू झाली. शहरात न शिरता बाहेरून कळमन्याकडे वळलो. तिथं संत्र्यांच्या गाड्यांमागे पाऊण तास अडकलो, पण वास इतका छान होता की तक्रार नाही. कामठीत पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते.

हेडाऊकाकांचं वर्कशॉप यंत्रमागांच्या गल्लीत आहे. दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट, त्यामुळे तिथं सगळे मोठ्यानंच बोलतात. काका पंचाहत्तरीचे, मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. हातमाग बंद पडला तसे वडील कामठीला यंत्रमागावर आले. मागाचे ओतीव सांगाडे तडकायचे, नवे मिळायचे नाहीत, म्हणून वडील ते शिवायला लागले आणि काका त्यांच्याकडून शिकले. आता मोजमापाचं सगळं काम त्यांची मुलगी शिल्पाताई पाहते. ती चाळिशीची आहे आणि फारशी हसत नाही.

पाटा काढला, ब्लॉक रॉकेलनं धुतला. काकांनी लहान हातोडीनं जागोजागी टकटक केली. एका कोपऱ्यात आवाज बसका आला. मलाही कळला. काकांनी तो भाग पुसून खडू फासला आणि म्हणाले, "चला, जेवून घेऊ. हे तंवर बोलते."

जेवण त्यांच्याच घरी झालं. सावजी रस्सा म्हणजे काय हे कोल्हापूरकरानं जाऊनच बघावं. तांबड्या-पांढऱ्याचा माझा अभिमान दुसऱ्या घासाला नाकातून वाहायला लागला. काकूंनी न विचारता दह्याची वाटी सरकवली.

परत आलो तर पांढऱ्या खडूवर रॉकेलची बारीक ओली रेघ उमटली होती. बोल्टाच्या भोकापासून सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीकडे जाणारी, अर्ध्या बोटाएवढी.

चीर जुनी असेल, मी म्हणालो. शर्यतीत झाली असेल, किंवा रस्त्यातल्या धक्क्यांनी.

शिल्पाताईनं भोकात कापसाची काडी घातली. ती तेलानं निथळत बाहेर आली. "जुन्या चिरीत काळं असते भाऊ. हे चकचकीत हाये. ताजी हाये."

"या भोकात तेल काहून टाकलं गा?" काकांनी विचारलं.

"गंज लागू नये म्हणून."

"अन् मंग बोल्ट कसला?"

"धूळ जाऊ नये म्हणून."

काका स्टुलावर बसले. "हे भोक खालून बंद हाये. बोल्ट खाली जाते, तेलाले जागा नाही. तेल काही दबत नाही, मंग लोखंड फाटते. बाकीच्यात कमी होतं, म्हणून वाचले."

या भोकात मी आठवणीनं दोनदा तेल टाकलं होतं. इतकी वर्षं शर्यती सोसलेला ब्लॉक मी माझ्या अंगणात, इंजिन चालू न करता फोडला होता. मला रडू आलं आणि ते मी रश्श्यावर ढकललं.

दुसरा दिवस शिल्पाताईच्या यंत्रानं भिंती मोजण्यात गेला. बाहेरून टेकवायचं आणि आतल्या लोखंडाची जाडी आकड्यात दिसते. ती प्रत्येक सिलिंडरजवळ खडूनं आकडा लिहीत गेली. चौथ्याची एक बाजू दुसरीच्या निम्मी निघाली. ओततानाच साचा सरकला असणार.

"बोअर वाढवलं असतं तर?"

"पयल्याच चकरीत भिंत फुटून पाणी आत," ती म्हणाली. "याले फक्त होन करायचं, वरच्यावर घासायचं. तेबी वरून जाड प्लेट कसून. हेड बसल्यावर सिलिंडर जितका ओढला जाते तितका आधीच ओढून, मंग घासायचा."

असा जुना ब्लॉक जवळ असेल तर तिनं सांगितलेलं तुम्हीही लक्षात ठेवा. आधी जाडी मोजा, मग ताकदीची स्वप्नं बघा. पाण्याच्या पोकळीच्या तळाचा थोडा भाग सिमेंटसारख्या मिश्रणानं भरून घेतला तर भिंतींना आधार मिळतो, पण वरपर्यंत भरलं तर इंजिन तापतं. तेल आणि पाणी गरम झाल्याशिवाय रेस द्यायची नाही. आणि बोल्टांची भोकं कोरडी ठेवा. गंजाला फार घाबरत असाल तर तेलाचं बोट पुसटसं फिरवा.

तिसऱ्या दिवशी शिवण. काका चिरेवर भोक पाडतात, आटे पाडतात, लोखंडी खिळा पिळून बसवतात. खिळ्याची मान मुद्दाम बारीक ठेवलेली असते. पुरेसा घट्ट झाला की डोकं आपोआप तुटून हातात येतं. पुढचं भोक आधीच्या खिळ्याला अर्धं कापून, म्हणजे टाका टाक्यात अडकतो. आच नाही, ठिणगी नाही. अकरा खिळे बसले आणि काकांनी पाना माझ्यापुढे धरला.

"आता तुमी."

"मी?"

"आमच्यात ज्याच्या हातानं फुटलं त्यानंच शेवटचा टाका घालायचा. मागावर कोणी जास्त आवळून सांगाडा तोडला, तर बाबा त्याच माणसाले बसवत. शिक्षा नोहे. हाताले कळलं पाहिजे, लोखंडाले किती पुरते ते."

मी पिळायला लागलो. खिळा जड होत गेला. अजून थोडं लागेल असं वाटत होतं तोच कट्‌ झालं आणि डोकं माझ्या तळहातावर पडलं. माझ्या अंदाजाच्या किती तरी अलीकडे.

"इतकंच?" मी विचारलं.

"इतकंच पुरते," काका म्हणाले. "शिल्पे, पाणी भर वं."

पोकळीत दाबानं पाणी भरून आम्ही तासभर बघत बसलो. एक थेंबही आला नाही. निघताना काकांनी अट घातली, मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या वर इंजिन न्यायचं नाही. म्हणजे मला हवी होती त्यातली बरीच ताकद गेली. वाईट वाटलं, पण घासाघीस केली नाही.

परतीच्या दोन दिवसांत मामांचे चार फोन आले. "ब्लॉक कसा हाय?" "ठीक आहे," मी चारही वेळा म्हणालो. खिळ्याचं तुटलेलं डोकं खिशात होतं.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मामा काठी टेकत शेडमध्ये आले. मी भोकं कोरड्या कापडानं पुसत होतो. आता सांगायलाच हवं होतं.

"मामा, तुम्ही नको म्हणालात तेच झालं. ब्लॉक माझ्या हातून फुटला. शिवून आणलाय." शेवटच्या टाक्याचंही सांगितलं. कसा फुटला तेवढं मात्र तोंडातून निघेना.

मामांनी चष्मा काढला. शिवणीवरून बोट फिरवत ते भोकापर्यंत आले आणि तिथं थांबले.

"भोकात त्याल टाकलंतास?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दुसरा ब्लॉक मी तसाच घालवला." बोट अजून तिथंच होतं. "कुणाला बोललो न्हाई. तुला बोलाय पायजे हुतं."

मी चहा विचारला. त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

"तुजा खिळा कंचा ह्यातला?"

मी त्यांचं बोट धरून बाराव्या खिळ्यावर ठेवलं.