आमच्या गल्लीनं गाड्यांना तेल पाजलं

माझी थोरली मुलगी तीन महिन्यांची होती आणि तिला पहाटेची झोप म्हणून मिळत नव्हती. त्यामुळे मलाही नव्हती. सगळं तिथून सुरू झालं.

जळगावात आमचं घर कापसाच्या जिनाकडे, सरकी काढायच्या कारखान्याकडे जाणाऱ्या वाटेवर होतं. वाट कसली, गल्लीच ती. पण धरणगावकडून कापूस घेऊन येणाऱ्या बैलगाड्यांना तीच जवळची पडायची. दिवाळी झाली की गाड्या सुरू होत, त्या होळीपर्यंत थांबत नसत. जिनाचं फाटक उघडायच्या आत नंबर लागावा म्हणून गाडीवाले रात्रभर चालून येत आणि तांबडं फुटता फुटता आमच्या दारावरून जात. एकामागून एक, कापसानं फुगलेल्या, दोन्ही बाजूंच्या ओट्यांना घासत. आणि प्रत्येक गाडीचं चाक ओरडायचं. कुरकुरायचं नव्हे, ओरडायचं. लांबून यायचा तो आवाज, जवळ यायचा, दाराशी आला की दातात शिरायचा. एक गेली म्हणेपर्यंत दुसरी. पोर दचकून उठायची, तिला मांडीवर घेऊन मी बसायची, आणि सासूबाई आतून म्हणायच्या, "आली वाटतं वरात!"

समोरच्या घरात एक निवृत्त मामलेदार राहत. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणे. नोकरी संपली तरी त्यांची अर्ज लिहायची सवय संपली नव्हती. त्यांनी म्युनिसिपालिटीकडे अर्ज केला की गाड्यांच्या आवाजानं रहिवाशांच्या आरोग्यास अपाय होतो, तरी बंदोबस्त व्हावा. उत्तर आलं, ते आबांनी ओट्यावर उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. त्याचा मतलब असा होता की गाड्या थांबल्या तर गाव थांबेल, आणि चाकांना गप्प बसायला सांगण्याचा अधिकार म्युनिसिपालिटीला नाही.

आबा चिडले आणि वर्तमानपत्राकडे गेले.

आमच्या गावात तेव्हा एक साप्ताहिक निघायचं. संपादक दोन गल्ल्या सोडून राहायचे, काडीसारखे बारीक, कानावर कायम पेन्सिल. जगाच्या बातम्या ते पुण्या-मुंबईच्या पत्रांतून उचलत, पण शेवटच्या पानावरच्या गावच्या बातम्या त्यांच्या स्वतःच्या असत, आणि लोक अंक शेवटच्या पानापासूनच वाचत. कोर्टात शिरलेल्या शेळीनं वकिलाचे कागद खाल्ले. नवरदेवाचा घोडा वरातीतून उधळून मालकाच्या घरी परत गेला आणि नवरदेवही त्याच्याबरोबर गेला. अशा त्या बातम्या. त्यांच्याच खाली आबांची तक्रार छापून आली. आमची गल्ली पहिल्यांदाच छापली गेली होती! तो अंक घरोघर फिरून इतका मऊ झाला की घडी घालता येईना.

पण पुढच्या अंकात उत्तरं आली. एकानं लिहिलं की आमच्याकडे शेजारी पहाटे घसा साफ करतो, त्यापुढे गाडीचं चाक काहीच नाही. दुसऱ्यानं लिहिलं की ज्यांना एवढी झोप प्यारी असेल त्यांनी रावेरला जाऊन केळीच्या बागेत बिऱ्हाड करावं. हे वाचल्यावर मात्र गल्ली पेटली. नळावर बायका दुसरं काही बोलेनात.

"केळीच्या बागेत म्हणे!" अक्का हंडा आदळून म्हणाल्या. "त्यालाच लोंबवते केळीच्या घडासारखा."

अक्का आमच्या शेजारच्या. अंगानं धिप्पाड, आवाज त्याहून धिप्पाड. त्यांच्या परसात तेलाचा घाणा होता. मी त्यांच्या हंड्याकडे बघत होते, हंड्यावर तेलकट बोटं उमटलेली होती, आणि मला एकदम सुचलं.

"अक्का," मी म्हटलं, "तेल तुमच्या घरी आहे आणि ओरड आपल्या दारी आहे. चाकात ओतलं तर?"

नळ वाहत राहिला. मग अक्कांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की माझी कळशी सांडली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला आम्ही पाच-सहा जणी अक्कांच्या ओट्यावर जमलो. एरंडेलाची कळशी, दोन पळ्या, चिंध्या. पोर सासूबाईंपाशी दिली. "घरात कळलं तर?" असं एकीनं विचारलं. मी म्हटलं, "कळलंय. सासूबाईंनीच पळी दिली." तसं सगळ्या हसायला लागल्या आणि हसू आवरेना. लग्न होऊन आल्यापासून मी त्या रस्त्यावर नळावर आणि देवळात जाण्यापुरतीच उतरले होते.

पहिली गाडी ओरडत आली. अक्का सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन बैलांसमोर उभ्या राहिल्या.

"थांब रे भाऊ!"

गाडीवान म्हातारा होता. मुंडाशातून डोळे तेवढे दिसत होते. त्यानं कासरा ओढला. "काय झायं माय? कोन्ही आडवं पडनं का?"

"कुणी नाही पडलं. तुझ्या चाकाला तेल घालायचंय."

म्हातारा आमच्या कळशीकडे बघायला लागला. फुकट तेल घालणाऱ्या बायका त्यानं जन्मात पाहिल्या नसाव्यात. "नही नही," तो म्हणाला, "आवाज ऱ्हास म्हनून बैल चालतस. चाक मुकं झायं का उभाच ऱ्हातस. मन्हा बैलस्ले गानं लागस."

"गाणं तुझ्या बैलांना लागतं, पण ऐकावं आमच्या लेकरांना लागतं," अक्का म्हणाल्या.

तोवर मी चाकापाशी गेले होते. चाकाचा मधला लाकडी तुंबा, ज्यातून आस जाते, तिथेच तेल घालायचं एवढं मला माहीत होतं. कुठून ओतायचं ते बघायला मी त्यावर तळहात टेकला आणि किंचाळले.

"अगं बाई! तव्यासारखा तापलाय!"

"तापसच माय. रातभर चाली ऊनू ना," म्हातारा म्हणाला. माझा लाल झालेला हात बघून मात्र त्याला वाईट वाटलं असावं. तो खाली उतरला, त्यानं खीळ काढून दाखवली आणि म्हणाला, "घाला बरं. पन बैल उभाच ऱ्हातीन ते तुम्हीच लोटा."

मी पळीनं तेल सोडलं. चर्र आवाज झाला, एरंडेलाचा उग्र वास उठला. दुसऱ्या चाकात अक्कांनी सोडलं. म्हाताऱ्यानं खीळ ठोकली, वर चढला आणि शेपटीला हात लावला. आम्ही सगळ्या बाजूला सरलो. गाडी हलली. नुसती हलली! एवढा कापसाचा डोंगर आमच्या अंगावरून सरकत गेला आणि आवाज कसला, तर बैलांच्या घुंगरांचा. आणि बैल काही थांबले नाहीत. वळणावर म्हाताऱ्यानं मागे वळून हात हलवला. अक्कांनी रस्त्यातच पदर खोचून एक फेर धरला. मला तर ओरडावंसं वाटत होतं, पण मुलं झोपली होती.

मागच्या गाडीचा गाडीवान आता उतरून उभाच होता. "आम्हले बी घाला ना!" तो म्हणाला.

त्या सकाळी कळशी रिकामी होईपर्यंत आम्ही तेल ओतत होतो. घरी आले तर सासूबाई मांडीवर पोर घेऊन बसलेल्या, ओठांवर बोट. ती झोपली होती. हाताचा चटका मला तेव्हा पुन्हा जाणवायला लागला.

आबांनी हे सगळं खिडकीतून पाहिलं होतं. त्यांनी संपादकांना सांगितलं. संपादक तिसऱ्या दिवशी पहाटे हजर, अनवाणी, कानावरची पेन्सिल हातात. आणि त्या आठवड्याच्या अंकात शेवटच्या पानावर नाही, चक्क पहिल्या पानावर आलं: 'गल्लीतील स्त्रियांनी गाड्या अडवून चाकांस तेल पाजले, गाडीवानांची तारांबळ.' आमचे हे कोर्टात कारकून होते. संध्याकाळी घरी आले ते मुद्दाम गंभीर चेहरा करून. मी घाबरले. मग त्यांनी कोटाच्या आतून अंक काढला, आणखी एक काढला, आणखी एक काढला. "आमचे साहेब विचारत होते," ते म्हणाले, "या तेल पाजणाऱ्या टोळीत तुमच्या ओळखीचं कुणी आहे का?"

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, टोळीची म्होरकी आमच्याच घरी जेवते."

बातमीनं एक घोटाळा मात्र केला. ती गावोगाव वाचली गेली. जळगावात एका गल्लीत चाकाला फुकट तेल मिळतं हे गाडीवाल्यांना कळलं, आणि ज्यांची वाट आमच्या गल्लीतून नव्हती तेही वळसा घालून यायला लागले. गल्लीच्या तोंडापासून पार वळणापर्यंत गाड्याच गाड्या. बैल हंबरतायत, घुंगरं वाजतायत, गाडीवाले शेकोटी करून मोठमोठ्यानं गप्पा मारतायत, आणि दर घटकेला कुणी तरी हाळी देतोय, "अक्का व, तेल!" सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आधी चाकं ओरडत होती, आता माणसं ओरडतायत." अक्कांचे यजमान कधी बोलत नसत, तेही बोलले, "घाणा गावासाठी चालवायचा की रस्त्यासाठी?"

आणि आबांनी नवा अर्ज लिहायला घेतला. या वेळी आमच्याविरुद्ध.

"अहो आबा!" मी म्हटलं.

"तुझं नाव घातलेलं नाही," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "'एक तरुण विवाहित स्त्री' एवढंच घातलंय."

"अर्ज राहू द्या. त्यापेक्षा आमच्याबरोबर जिनात चला. सेठजींना सांगू. गाड्या त्यांच्याकडे येतात, वंगण त्यांनी द्यावं."

आबांनी टाक खाली ठेवला. नोकरी सुटल्यापासून कुणी त्यांना असं कामाला बोलावलं नव्हतं, हे मला त्यांच्या घाईवरून कळलं. काळा कोट, पगडी, काठी घेऊन ते आमच्या आधी रस्त्यावर.

मी जिनात कधी गेले नव्हते. फाटकातून आत शिरलो तर हवाच पांढरी. पिंजलेला कापूस नाकात, पापण्यांवर, आबांच्या पगडीवर. आत सरकी काढणारी यंत्रं, रेचे, चालू होते, ओळीनं, आणि त्यांचा धडधडाट असा की पायाखालची फरशी हलत होती. सेठजी तिथेच उभे होते. आबा पुढे झाले आणि आवाजाची तक्रार सांगायला लागले. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, एवढंच. सेठजींनी कानामागे हात धरला.

"आवाज फार होतो!" अक्का ओरडल्या.

"कापूस कुठला?" सेठजी ओरडले.

"आवाज! आवाज!"

"धरणगावचा?"

शेवटी त्यांनी खूण करून आम्हाला बाहेर अंगणात आणलं. तिथे कापसाचे ढीग रचलेले होते, घराएवढे. सेठजींनी सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "रस्ता म्युनिसिपालिटीचा, गाड्या शेतकऱ्यांच्या, बैल त्यांचे. माझं फक्त जीन. चाकाचं मी काय करू?"

आबा कायदा आठवत उभे राहिले. ढिगाला खेटून एक गाडी उभी होती, दुसऱ्या वाटेनं आलेली, नुकतीच. माझा पदर डोक्यावरून घसरत होता, तो मी ओढला. गाडीवाल्यांशीही अक्काच बोलत, परक्या माणसाशी मी तोवर कधी बोलले नव्हते.

"सेठजी," मी म्हटलं, "त्या चाकाच्या तुंब्याला जरा हात लावून बघा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गंमत म्हणून की काय, वाकून हात लावला, आणि झटक्यात मागे घेतला. बोटं तोंडात घातली. त्यांची नजर चाकावरून ढिगाकडे गेली, ढिगावरून परत चाकाकडे. चाक आणि कापूस यांच्यात वीतभरही अंतर नव्हतं.

"कोणी उभी केली ही गाडी इथं?" ते असे गरजले की आत रेच्यांवरची माणसंसुद्धा बाहेर आली. "हटवा! आधी हटवा!"

दोन दिवसांत जकात नाक्याशी, गावाबाहेरच, वंगणाचं पिंप येऊन बसलं आणि त्यापाशी जिनाचा एक माणूस. वंगण घातल्याशिवाय गाडीला फाटकात घ्यायचं नाही, असा सेठजींचा हुकूम. वळसा घालून येणाऱ्या गाड्या बंद झाल्या. आपल्या वाटेनं येणाऱ्या तेवढ्या येत राहिल्या, घुंगरं वाजवत. संपादकांनी ती बातमी दिली तेव्हा सगळं श्रेय आबांना दिलं, कारण शिष्टमंडळाचे पुढारी म्हणून त्यांनाच पगडी होती. आबांनी मात्र दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन दुरुस्ती छापायला सांगितली. ती आली, अगदी तळाला, बारीक अक्षरात. पण आली.

संक्रांतीला मी पोरीला घेऊन धुळ्याला माहेरी गेले. टांगा दारात थांबायच्या आतच मी बोलायला सुरुवात केली होती. आईला सांगितलं, वहिनीला सांगितलं, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगितलं. भाऊ, म्हणजे माझे वडील, ओसरीवर बसून ऐकत होते. तेही वकिलाकडे कारकून, मोजकं बोलणारे. सेठजींच्या भागापाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"तू बोललीस? तू स्वतः?"

"हो, मीच."

"काय म्हणालीस? जसं म्हणालीस तसं सांग."

मी पुन्हा सांगितलं, पदर ओढून, तशीच उभी राहून. भाऊंनी आईला हाक मारली आणि म्हणाले, "अहो, इकडे या, हिला परत सांगू द्या." आई पिठाच्या हातांनी बाहेर आली, आणि मी पहिल्यापासून सुरुवात केली.