कुब्ब्यातली जागा

तिबराने नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोला झिंज्या धरून बाहेर काढलं, ही बातमी वाळवंटातल्या गदामिस गावाच्या नव्या वस्तीत दुपारच्या चहाआधीच घरोघर पोचली. बशीरला पुरून तीन दिवस झाले होते. एवढ्या सरळमार्गी माणसाची दुसरी बायको निघाली, याचं काहीजणींना जरा समाधानच वाटलं. चूक एवढीच, की ही बायको लाकडाची होती.

तिबराचं जुन्या शहरातलं घर तिचा मुलगा अयाद बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना पैसे घेऊन दाखवतो. वरच्या दालनात पितळी भांडी, भिंतभर आरसे आणि कुब्ब्यात, म्हणजे कोपऱ्यातल्या पडदा लावलेल्या खोलीत, नवरीच्या पोशाखातली बाहुली. त्या कुब्ब्यात बाई आयुष्यात दोनदाच बसते, नवरी होऊन आणि विधवा होऊन, इद्दतीचे म्हणजे सुतकाचे महिने पाळायला. तिबराला पहिल्यांदा बसून एकावन्न वर्षं झाली होती.

अयादने नव्या घरातच तिची गादी घातली, एसी लावला. हल्ली सगळ्याजणी इथेच बसतात, म्हणाला. तिने मान हलवली, त्याने तो होकार धरला. आज सकाळी ती उठली आणि जुन्या शहरात बायकांच्या वाटेने, गच्च्यागच्च्यांवरून, गुडघे ओढत घरी पोचली. बाहुली उचलून जिन्यात उभी केली. पडदा सारून आत बसली.

इथे तरी रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. भिंतीवरची लाल नक्षी होती तशीच होती. त्या पहिल्या रात्री बशीर काय बोलला ते आठवून पाहिलं, आठवेना. मांडीवरचे हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पडून होते. मागोमाग आलेली शेजारची मबरूका तिच्या वाटचंही रडली, दमली, मग खजूर खात बसली. बाहुलीला जिन्यात पाहून दचकलेली तीच, आणि बातमी पसरवलेलीही तीच.

दुपारी अयाद आला. खाली दाराशी अकरा पाहुणे ताटकळत होते. आधी त्याने तिच्या गुडघ्यांची काळजी केली, मग इथे दिव्यांची सोय नाही म्हणाला, मग मोसम ऐन भरात असल्याचं सांगितलं. शेवटी तो चिडला.

"आई, तू तर रडतसुद्धा नाहीस. मग इथेच कशाला बसायचं?"

तिबराने गुडघ्यांवरची चादर नीट केली.

"रडायला नाही आले रे, बसायला आले. खालच्यांना सांग, चार महिने दहा दिवस घर बंद."