जाळीतल्या अक्षता

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक जुनी विलायती गाडी होती. चार-पाच वर्षांपूर्वी देवळाली प्रवऱ्याच्या एका ऊसवाल्या बागायतदाराला तिचा कंटाळा आला आणि ती माझ्या गळ्यात पडली. तिसगावहून नगरला भाडी मारायची आणि घरी आलो की तिच्याखाली शिरून पान्हे फिरवायचे. असून अडचण, नसून खोळंबा! पण तिच्यात एक गोष्ट होती, जी आमच्या भागातल्या दुसऱ्या कुठल्या गाडीत मी पाहिली नव्हती. समोरच्या काचेखाली बॉनेटवर एक जाळी होती. तिच्यातून बाहेरची हवा ओढणारा मोटरचा छोटा पंखा होता आणि ती हवा डॅशबोर्डखालून आत यायची. त्याला ब्लोअर म्हणत.

माझ्या आईला दमा होता. तिला सारखं नगरच्या दवाखान्यात न्यावं लागे. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरची खडी फुटत असायची. काचा उघड्या ठेवल्या तर धूळ तिच्या छातीत जाई, लावल्या तर आत जीव कोंडे. मग ब्लोअरच्या तोंडाला ओलं फडकं बांधायचं, काचा लावायच्या आणि गाडी हळू हाकायची, एवढाच इलाज मला सापडला होता.

त्या वर्षी चैत्रात पहिल्यांदा ब्लोअरचं बटण ओढलं, तर हूं नाही की चूं नाही. दसऱ्यानंतर थंडीभर त्याची गरजच पडली नव्हती. फ्यूज उडालेला होता. नवा घातला, तोही उडाला. दवाखान्याची पाळी चुकवून चालणार नव्हतं, म्हणून काचा अर्ध्या ठेवून निघालो. परत येताना करंजीच्या घाटात आईचे ओठ निळे पडले. गाडी बाजूला घेऊन मी नुसता तिची पाठ चोळत राहिलो. मला भीती वाटली आणि त्या भीतीचा रागही आला, सगळा त्या गाडीवर.

दुसऱ्या दिवशी भाडं सोडून दिलं. अंग आंबलेलं होतं, पण बसलो. मोटरची वायर सोडवून फ्यूज घातला, तर तो टिकला. म्हणजे वायर कुठे उघडी पडलेली नव्हती, दुखणं मोटरमध्येच होतं. मग मोटरला थेट बॅटरीवरून करंट दिला. ती नुसती गुरगुरली, फिरेना. जळली असती तर गुरगुरली तरी कशाला असती? आत काहीतरी अडकलं होतं.

डॅशबोर्डखाली उलटं पडून स्क्रू काढले आणि मोटर हातात आली. पंख्याच्या पात्यांत झेंडूच्या काळ्या पडलेल्या पाकळ्या होत्या, मोटरच्या दांड्याला हळदीत माखलेले तांदूळ चिकटून दगड झाले होते. एकावर एक, कितीतरी दसऱ्यांचे.

दसऱ्याला गाडीची पूजा आई करायची. नारळाचं पाणी, अक्षता, फुलं सगळं त्या जाळीवर. "आये, चाकावर वाहा की," मी एकदा म्हणालो होतो. "चाक म्हंजे पाय," ती म्हणाली होती. "ही दम घेती ती हितनं. तिथंच हात जोडावं मानसानं."

मला हसू येईना की रडू येईना. तांदूळ सुरीनं खरवडले, दांड्याला तेल सोडलं आणि मोटर बसवली.

पुढच्या फेरीला काचा लावल्या, फडकं भिजवलं, बटण ओढलं. गार हवा तिच्या तोंडावर आली. घाटात ती चक्क झोपली होती. जागी झाल्यावर म्हणाली, "बग, पूजा क्येली की गाडी दगा देत न्हाई."

"व्हय," मी म्हणालो.

नंतरच्या दसऱ्यांनाही तिनं जाळीवरच अक्षता वाहिल्या. मी अडवलं नाही. ती घरात वळली की पान्हा घेऊन ब्लोअर खोलायचा, साफ करायचा, परत बसवायचा. वैताग यायचा. सणासुदीलासुद्धा पाठीला आराम नाही, असं पुटपुटत मी ते करायचो.

ती गेली त्या वर्षी घरात सण नव्हता. गाडीला फूलही वाहिलं नाही. तरी दसऱ्याच्या दुपारी सवयीनं हात पान्ह्याकडे गेला आणि मी ब्लोअर खोलला. पंख्याला बोट लावताच तो गरगर फिरला. आत काहीच अडकलेलं नव्हतं.