हाडांची वकिली

निशातगंजच्या लॅबमधले भैया सुई टोचण्याआधी माझी नाही, माझ्या शिरेची माफी मागतात. "गुस्ताख़ी माफ़," म्हणतात आणि टोचतात. सुईपेक्षा त्यांचं बोलणं लांब. लाल पेशी हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतात, रक्त कमी पडलं की किडनी तिकडे निरोप धाडते, हे त्यांनी मला दहादा तरी सांगितलंय. मी सातवीत शाळा सोडली; बाईंनीही इतकं शिकवलं नव्हतं.

रक्त वाढेपर्यंत माझं ऑपरेशन अडलेलं. लोहाची गोळी घ्यायचे, पण चहाबरोबर. हे कळल्यावर भैयांनी कपाळाला हात लावला. "भाभीजी, चाय लोहे को रास्ते में ही पकड़ लेती है!" आणि स्वतःचा चहाचा ग्लास हळूच रजिस्टरमागे सरकवला.

तीन दिवसांनी मी पुन्हा हात पुढे करून हजर. त्यांनी सुई उचललीच नाही. "हड्डियों को हफ़्ता तो दीजिए. कारख़ाना है, जादू नहीं."

आठवड्याने हिमोग्लोबिनचा आकडा जवळजवळ तोच आला. माहेरी साताऱ्याला आईला काय सांगू, म्हणून डोळेच भरले. भैयांनी मला उठवून सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

"वो नीले दानेवाले देखिए. अभी-अभी बनकर निकले हैं. आँकड़ा भी बढ़ेगा."

मी त्या चिमुकल्या नव्या लाल पेशींकडे बघतच राहिले.

"अब उठिए भाभीजी, औरों का भी ख़ून देखना है."

"एक मिनट, भैया," मी म्हटलं. "मेरे हैं."