आठ जीबी की सोळा?

गेल्या शनिवारी नंदुरबारला गेले होते, लॅपटॉपची रॅम वाढवायला. आठवडाभर व्हिडिओ बघून माझं पक्कं झालं होतं... आठ नाही, थेट सोळा जीबी.

मी धडगावकडच्या एका पाड्यावर पहिलीला शिकवते. मुलं घरी पावरी बोलतात आणि पुस्तक मराठीत... म्हणून त्यांच्याच भाषेतल्या गोष्टी रेकॉर्ड करून वर्गात ऐकवायचं ठरवलं. माझ्या वर्गातल्या सुनीताचे वडील रायसिंगदादा. ऊसतोडीला गुजरातमध्ये जायच्या आधी शाळेच्या ओट्यावर बसून त्यांनी तेरा गोष्टी सांगितल्या, मी त्या मोबाईलवर रेकॉर्ड केल्या.

त्या लॅपटॉपवर घेऊन नीट करायला बसले की तो अडकायचा. एक फाइल उघडेपर्यंत चहा होऊन जायचा.

युसूफभाईंचं दुकान जुनं. पूर्वी ते टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, आता लॅपटॉप. बाहेर मिरची बाजाराचा ठसका, म्हणून दार लोटलेलं... आत एकदम शांत.

त्यांनी मागचं झाकण उघडलं, जुनी रॅम काढली आणि मी निवडलेली तिच्या शेजारी ठेवली. मधली खाचच वेगळ्या जागी! ती माझ्या लॅपटॉपमध्ये बसणारच नव्हती. आठवडाभराचा अभ्यास पाण्यात...

माझ्या लॅपटॉपला बसणारी त्यांच्याकडे एकच होती, आठ जीबीची. मी म्हटलं, "मग तीच लावा."

त्यांनी ती हातात घेतलीच नाही. नेमका कधी अडकतो, ते विचारलं. जुनी रॅम परत बसवून लॅपटॉप सुरू केला, दोन फाइली उघडल्या आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. मेमरी निम्मी रिकामी होती, डिस्क मात्र सतत शंभर टक्के राबत होती. मग कान जवळ नेला.

"ताई, हाऊ आवाज ऐका."

टक... टक... टक.

"तुमनी डिस्क मरी ऱ्हायनी. यामा काय ठेयेल शे?"

आत काय ठेवलंय, ते मी सांगितलं. दुसरीकडे कॉपी? नव्हती. मोबाईल भरला म्हणून त्यातून मीच उडवल्या होत्या.

त्यांनी लगेच लॅपटॉप बंद केला, डिस्क काढून स्वतःच्या मशीनला जोडली आणि एकेक फाइल बाहेर काढायला घेतली. दोन तास दुसऱ्या कुठल्याच कामाला हात लावला नाही. बारा गोष्टी आल्या. तेरावी, अस्वलाची, अर्ध्यावर अडकली. तीनदा प्रयत्न करून ते हळूच म्हणाले, "एक गई, ताई."

मी तिथूनच रायसिंगदादांना फोन लावला. वाटलं, रागावतील. ते तर हसायलाच लागले. म्हणाले, "होळीला येतोच आहे, बाई. परत सांगेन... या वेळी अस्वल आणखी मोठं करू!"

जुन्या डिस्कच्या जागी नवीन एसएसडी बसली. रॅम जुनीच राहिली आणि लॅपटॉप सुसाट. गोष्टी आता तीन ठिकाणी ठेवल्यात.

सोमवारी वर्गात पहिली गोष्ट लावली. सुनीताने मान वर केली, शेजारणीला पावरीत काहीतरी सांगितलं आणि उठून थेट स्पीकरसमोर येऊन बसली. गोष्ट संपली तरी हलेना. "बाई, परत लावा ना..."

युसूफभाईंना रॅम लावून मला वाटेला लावता आलं असतं. ते थांबले, त्यांनी नीट ऐकलं... म्हणून एका पोरीला दूर गेलेल्या बापाचा आवाज ऐकता आला. त्यांचे आभार कसे मानायचे, मला अजून सुचलेलं नाही.